एका दिवसाला एक दिल्ली

कुतुबमिनार, लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, लोटस टेंपल आणि अक्षरधाम अशी यादी करून जो माणूस सकाळी बसमध्ये बसतो, त्याची दिल्ली त्याच दिवशी हातची जाते. एका दिवसात राजधानी दाखवणाऱ्या या बसगाड्यांनी आपल्याकडची किती माणसे दमवली असतील! प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. उतरायचे, फोटो काढायचे, मोजून परत चढायचे. दिवसाचा मोठा भाग उड्डाणपुलांवरच्या कोंडीत जातो, संध्याकाळी गुडघे बोलू लागतात आणि घरी परतल्यावर कुठला घुमट कुणाचा हे सांगता येत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी दिल्लीत बरीच वर्षे काढली. साताऱ्याकडचे पाहुणे सतत येत. आत्या, मावश्या, भाचरे, आईच्या भजनी मंडळातल्या बायका. प्रत्येकाच्या पिशवीत ही यादी असे. ती बाजूला ठेवायला लावून मी एकच गोष्ट सांगत आले: एका दिवसाला एक दिल्ली.

ही सूचना शहराच्या घडणीतूनच निघते. दिल्ली एका गावठाणाभोवती वाढलेली नाही. जो सत्तेवर आला त्याने आधीच्याची राजधानी तशीच टाकली आणि काही कोसांवर आपली नवी वसवली. दक्षिणेला मेहरौलीत तोमर-चौहानांचा लालकोट, मग अलाउद्दीनची सिरी, घियासुद्दीनचे तुघलकाबाद, त्याच्या मुलाचे जहाँपनाह, फिरोजशाहाचा यमुनाकाठचा कोटला, हुमायून आणि शेरशाहाचा पुराना किल्ला, शहाजहानने वसवलेले शहाजहानाबाद. शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली: १२ डिसेंबर १९११ रोजी दरबारात घोषणा झाली आणि १९३१ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन. कुतुबमिनार ते लाल किल्ला हे अंतर पंधरा किलोमीटरच्या वर आहे आणि दोघांच्या बांधकामात सुमारे साडेचारशे वर्षांचा फरक आहे. एवढे अंतर आणि एवढा काळ एका दुपारीत उरकायचा म्हटले तर पदरात काय पडणार? उलट एका दिवशी एकच वस्ती धरली, तिच्यातच चाललो, तिथेच जेवलो, तर ती वस्ती अंगात मुरते. चार दिवस हातात असतील तर चार दिल्ल्या होतात. दोनच असतील तर दोन पाहाव्यात आणि बाकीच्या निःशंक मनाने सोडाव्यात.

आधी कधी यायचे ते ठरवावे. आपली माणसे निघतात ती मे महिन्याच्या, दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत, आणि तिन्ही वेळा दिल्लीचे हवामान अंगावर येते. मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो आणि दुपारी लू वाहते. दिवाळीच्या सुमारास हवेत इतका धूर साठतो की दम्याच्या माणसाला तिकडे नेऊच नये. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर दाट धुके पडते. गाड्या तासन् तास उशिरा पोचतात, पहाटेची विमाने जमिनीवरच राहतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. काटेसावर फुललेली असते, उन्हात बसवते आणि राष्ट्रपती भवनाची बाग लोकांसाठी उघडलेली असते. दुसरा बरा काळ म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मुलांच्या शाळेमुळे मेच हाती असेल, तर दिवसाची घडी बदलावी. हुमायूनची कबर आणि कुतुब सूर्योदयालाच उघडतात. साडेपाचला उठून तिथे जावे, अकराच्या आत सावलीत यावे, दुपार संग्रहालयात किंवा खोलीवर काढावी आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडावे. मेमध्ये रस्तोरस्ती बहावा फुललेला असतो, तेवढे सुख त्या उन्हात मिळते. कोकणातून थंडीत येणाऱ्यांनी स्वेटरइतकेच महत्त्व पायमोज्यांना द्यावे. जामा मशिदीत आणि गुरुद्वाऱ्यात चपला काढाव्या लागतात आणि जानेवारीतली तिथली फरशी तळव्यांना चावते.

आठवड्याचा वारसुद्धा बघून ठेवावा. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, लोटस टेंपल, अक्षरधाम सगळे बंद. कुतुब, हुमायूनची कबर आणि लोदी बाग मात्र उघडी, म्हणून सोमवार त्यांना द्यावा. रविवारी चांदणी चौकातली बहुतेक दुकाने बंद असतात. खरेदीसाठी तो दिवस वाया, पण बंद फळ्यांच्या वर मान करून जुन्या हवेल्यांचे सज्जे आणि कमानी निवांत बघायच्या असतील तर रविवार सकाळसारखी वेळ नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आधीचे काही दिवस संचलनाच्या तालमींसाठी मधले रस्ते अडवतात. पंधरा ऑगस्टच्या आधी लाल किल्लाच बंद ठेवतात.

मुंबई-पुण्याहून मथुरेमार्गे नवी दिल्लीला जाणारी गाडी निझामुद्दीन सोडते आणि शेवटच्या टप्प्यावर मंदावते. त्या वेळी खिडकीशी बसावे. टिळक ब्रिज नावाचे छोटे स्थानक जाते, पाठोपाठ शिवाजी ब्रिज, आणि मग नवी दिल्ली. राजधानीच्या दारात ही दोन नावे लागोपाठ वाचताना मला दर वेळी बरे वाटे. नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडे आहेत. पहाडगंजच्या बाजूला स्वस्त हॉटेले आणि गर्दी, अजमेरी गेटच्या बाजूला मेट्रो. नवख्या माणसाने सरळ अजमेरी गेटकडे वळावे. वाटेत कुणीतरी अदबीने गाठेल आणि सांगेल की तुमची पुढची गाडी रद्द झाली, तुमचे हॉटेल बंद पडले, चला सरकारी पर्यटन कार्यालयात नेतो. त्याच्याशी वाद घालू नये, थांबूही नये. चालत राहावे. खरे कार्यालय रस्त्यावर येऊन माणसे गोळा करत नाही.

मुक्कामाची खोली निवडताना मी पाहुण्यांना एकच प्रश्न विचारायला सांगे: मेट्रोचे स्थानक चालत किती मिनिटांवर आहे? दहा मिनिटांच्या आत असेल तर खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी, आणि शक्यतो पिवळ्या मार्गावरची. चांदणी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, लोककल्याण मार्ग, हौज खास आणि कुतुबमिनार ही स्थानके या एकाच मार्गावर आहेत. डिसेंबर २००२ मध्ये दिल्लीची मेट्रो सुरू झाली आणि परगावच्या माणसाचा रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यातला अर्धा दिवस वाचला. पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. आमच्या मंडळातल्या बायकांना त्या डब्यात शिरल्यावर जो मोकळेपणा वाटायचा, तो पाहण्यासारखा असे. तपासणीच्या रांगा बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या असतात. बरोबरचे पुरुष आधी सुटून फलाटाकडे निघून जातात आणि चुकामूक होते, तेव्हा भेटायची जागा आधी ठरवावी. संध्याकाळी सहा ते आठ राजीव चौकात गाडी बदलायची वेळ म्हाताऱ्या माणसांवर आणू नये.

आता त्या दिल्ल्या. मी सुरुवात मेहरौलीपासून करायला लावते, कारण दगड तिथून बोलायला लागतो. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच आहे. १९८१ मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली, तेव्हापासून वर जायला बंदी आहे. गुप्तकाळातला लोहस्तंभ सगळेच पाहतात. मराठी माणसाने मात्र त्यानंतर परत फिरू नये. मिनाराच्या उत्तरेला अनघड दगडांचा एक प्रचंड बुंधा उभा आहे. रांगा तिकडे वळत नाहीत, पाटीपाशीही कुणी थांबत नाही. तो अलाई मिनार. अलाउद्दीन खिलजीला कुतुबाच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायचा होता. पहिला मजला होतो न होतो तोच १३१६ मध्ये तो मेला आणि पुढे कुणी हात लावला नाही. हा अलाउद्दीन १२९६ मध्ये आठ-दहा हजार स्वार घेऊन अचानक देवगिरीवर उतरला होता. रामदेवराय यादवाकडून त्याने जी संपत्ती नेली, तिच्या बळावर त्याने चुलत्याला मारून दिल्लीचे तख्त घेतले. देवगिरीचा तो चढ मी लहानपणी शाळेच्या सहलीत चढले होते. अलाई मिनाराच्या ओबडधोबड दगडांवर हात ठेवला तेव्हा तो किल्ला आणि हा बुंधा एकाच हिशेबातले आहेत हे पहिल्यांदा नीट समजले. शाळेत देवगिरीची लूट एका ओळीत संपते. ती कुठे गेली हे इथे दिसते.

तिथून रस्त्यापलीकडे मेहरौलीच्या जंगलवजा बागेत जावे. प्रवेश फुकट आहे. जमाली-कमालीची मशीद आणि राजों की बावली पाहावी. बावलीची ओढ आपल्याला असतेच. खडकात उतरत जाणाऱ्या पायऱ्या आपल्या बारवांशी नाते सांगतात, फक्त इथे भोवती कमानींचे मजले आहेत. पाण्याची बाटली आणि खाण्याचे बरोबर न्यावे, आत दुकान नाही.

याच दक्षिण भागात, मालवीय नगरच्या दाट वस्तीत, मुहम्मद तुघलकाच्या जहाँपनाहचे अवशेष आहेत: बेगमपूरची भव्य पडकी मशीद आणि जवळच विजय मंडल. १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला न्यायचे ठरवणारा तो हाच. आपल्या मराठवाड्यात राजधानी येऊन गेली ती या वाड्यांतल्या हुकमाने. पाटी धड नाही, पण वेळ असेल तर जरूर जावे. मला स्वतःला दिल्लीत याहून आवडती जागा नाही.

दुसरी दिल्ली निझामुद्दीनच्या आसपासची. आमची आत्या आली तेव्हा तिने हुमायूनच्या कबरीच्या दाराशीच पाय रोवले.

"अगं, देवळं सोडून थडगी कसली बघायची?"

"आत्या, सावली आहे, बसायला जागा आहे. नुसतं बस."

चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी चढू नये, खालून बागेतून वास्तू पुरी दिसते. आत्या कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसली. लाल वालुकाश्मात बसवलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या रेषा बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिने विचारले, हे बांधले कुणी? मी सांगितले, त्याच्या बायकोने, हाजी बेगमने. १५७० च्या आसपास पुरे झाले, ताजमहालाला तेव्हा अजून साठ वर्षे होती. आत्या सरळ बसली. "बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही?" ती तासभर तिथून हलली नाही. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच इमारतीत आसऱ्याला आला होता आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला. म्हाताऱ्या माणसाला सहा ठिकाणे धावत दाखवण्यापेक्षा एका ठिकाणी बसू द्यावे, ही गोष्ट मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

कबरीशेजारी सुंदर नर्सरी आहे. मुलांना धावायला मोकळी जागा, स्वच्छ प्रसाधनगृहे, जेवण, सगळे तिथे होते. बायकांनी फिरताना पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नये. त्यापेक्षा अशा जागा नकाशावर आधी खुणावून ठेवाव्यात. मेट्रो स्थानकांतही प्रसाधनगृहे असतात, विचारले की दाखवतात. संध्याकाळी लोदी बाग. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या सुलतानांच्या कबरींमधून माणसे धावायला येतात, पोरे अभ्यास करतात. बागेला लागूनच इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष. सभासदांखेरीज सगळीकडे प्रवेश नसतो, पण व्याख्याने पुष्कळदा सर्वांसाठी खुली असतात. एखादे ऐकायला मिळाले तर सोडू नये. गुरुवार असेल तर निझामुद्दीन औलियाच्या दर्ग्यात संध्याकाळी कव्वाली असते. गल्ली अरुंद आणि गर्दी फार, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. दुकानदार चपला सांभाळण्याच्या बदल्यात चादर-फुले घ्यायचा आग्रह करतात. नको असेल तर हसून पुढे जावे.

तिसरी दिल्ली शहाजहानाबाद. लाल किल्ल्याला मेट्रोचे त्याच नावाचे स्थानक आहे, जांभळ्या मार्गावर. तिकीट फोनवरूनच काढावे, खिडकीवरची रांग उन्हात असते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला. आत शिरल्यावर छत्ता चौकातल्या दुकानांत रेंगाळू नये, सरळ दिवाण-इ-खासपर्यंत जावे. तिथे पोचल्यावर वर बघावे. छत आज साधे दिसते. एके काळी ते चांदीचे होते. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी ही चांदी उतरवून तिची नाणी पाडली. पाच-सहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. पानिपताच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती उपासमार, ती ओढाताण पुस्तकातून माहीत असते. इथे उभे राहून छताकडे पाहिले की भाऊंची अडचण किती खरी होती ते कळते, आणि ज्यांच्या दरबाराचे छत गेले त्यांना काय वाटले असेल तेही. दोन्ही मनात राहू द्यावे. पुढे १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलमला याच किल्ल्यात परत आणून बसवले आणि १८०३ मध्ये इंग्रज आले तेव्हाही दिल्लीवर मराठ्यांचाच शब्द चालत होता. पाट्यांवर यातले थोडेच आहे, म्हणून मुलांना गाडीतच सांगून ठेवावे. एक घोटाळा मात्र आठवणीने दूर करावा. शिवाजीमहाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते आग्र्यात, १६६६ मध्ये. लाल किल्ल्यातल्या दिवाणखान्यात उभे राहून मुलांना ती गोष्ट सांगणारे वडील मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जवळ जाऊन हळूच सांगितले आहे.

ज्यांना पानिपतच पाहायचे असेल त्यांनी त्यासाठी वेगळा दिवस काढावा. दिल्लीपासून उत्तरेला ते साधारण नव्वद किलोमीटर आहे. काला आंबचे स्मारक गावाबाहेर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परतता येते.

किल्ल्यातून बाहेर पडले की समोर चांदणी चौक. फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद आहे. चालावे, किंवा सायकलरिक्षा करावी. बसण्याआधी भाडे ठरवावे आणि ते एका माणसाचे की सगळ्यांचे हेही विचारावे. सुरुवातीलाच गौरीशंकराचे मंदिर लागते. ते अठराव्या शतकात आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने बांधले असे सांगतात. पुढे सीसगंज गुरुद्वारा. तिथल्या लंगरात कुणालाही जेवता येते, डोके झाकायला रुमाल दारात मिळतो. फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावलीत मसाल्यांचा बाजार भरतो. लाल मिरचीची पोती उघडली की सगळी गल्ली शिंकते. दमा असलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधूनच जावे. काही घेणार असाल तर सुका मेवा आणि हिरवी वेलची घ्या, गोडा मसाला घरचाच बरा. बल्लीमारानच्या गल्ली कासीम जानमध्ये गालिबची हवेली आहे, लहानशी, पाच मिनिटांत पाहून होते, पण जावे. थंडीत सकाळी फिरते विक्रेते दुधाच्या फेसाची दौलत की चाट विकतात. जिभेवर ठेवताच ती विरघळते, आणि उन्हे चढली की मिळत नाही. जामा मशीद नमाजाच्या वेळा सोडून पाहावी, शुक्रवारी दुपारी मुळीच जाऊ नये.

जेवणाचे दोन शब्द. सकाळ-दुपार-रात्र छोले-भटुरे खाल्ले तर तिसऱ्या दिवशी पोट हात टेकते. निरनिराळ्या राज्यांच्या भवनांतली उपाहारगृहे हा त्यावर मोठा आधार आहे. अशोक रोडवरच्या आंध्र भवनाच्या थाळीसाठी दिल्लीकर स्वतः रांग लावतात. वरण-भाताची आठवण आली तर महाराष्ट्र सदन आहे: जुने कोपर्निकस मार्गावर, नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. बाहेरच्यांना जेवणाच्या वेळा आणि नियम बदलत असतात, म्हणून आधी फोन करून जावे.

चौथी दिल्ली इंग्रजांची. इंडिया गेटपासून विजय चौकापर्यंत कर्तव्य पथावरून संध्याकाळी चालत यावे, गाडीतून नको. लांबून राष्ट्रपती भवनाचा घुमट डौलात दिसतो. जसजसे जवळ यावे तसतसा तो चढाआड बुडत जातो आणि विजय चौकापाशी जेमतेम टोक उरते. हा चढ असाच राहिला, यावरून लट्यन्स आणि बेकर या दोन वास्तुकारांचे कायमचे वितुष्ट आले. राष्ट्रपती भवन आतून पाहायचे तर नोंदणी आधीच करावी लागते, ती निघण्यापूर्वी घरूनच करून टाकावी. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयाला निदान तीन तास द्या. हडप्पा दालनात मोहेंजोदडोची ती कांस्य नर्तकी आहे. पुस्तकातल्या पानभर चित्रांमुळे ती मोठी असेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटीमीटरची, तळहातावर मावेल एवढी. उजवा हात कमरेवर, डावा खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान किंचित वर. काचेसमोर गुडघे वाकवून तिच्या डोळ्यांच्या पातळीला यावे, तेव्हा तिचा तोरा दिसतो. तालकटोरा स्टेडियम जाता जाता दिसेल. १७३७ मध्ये बाजीराव याच परिसरात येऊन थडकला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इथेच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

याच भागात तीस जानेवारी मार्गावर बिर्ला हाऊस, म्हणजे गांधी स्मृती आहे. गांधीजींनी शेवटचे १४४ दिवस इथे काढले. त्यांच्या खोलीत अंथरूण, बुटके मेज, काठी, मोजक्या वस्तू. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांच्या पावलांचे ठसे बसवलेले आहेत. त्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलणे लांबले, प्रार्थनेला उशीर झाला, म्हणून ते भरभर चालत निघाले होते. माझा बारा वर्षांचा भाचा त्या ठशांच्या शेजारून चालत गेला. जिथे ते संपतात तिथे थांबला आणि त्याने विचारले, "मावशी, मारणारा पुण्याचा होता ना?" मी हो म्हटले. त्या माणसाची भाषा आपली होती, हे मनात ठेवूनच मराठी माणसाने तिथे जावे. मुलांना घेऊन जावे आणि त्यांनी विचारले तर खरे उत्तर द्यावे. बसवाल्यांच्या यादीत ही जागा क्वचितच असते. माझ्या यादीत ती सगळ्यांत वर आहे.

आणि मग अलीपूर रोड. सिव्हिल लाइन्स भागातल्या २६ क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेवटची वर्षे राहिले. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे काम त्यांनी अखेरपर्यंत इथे केले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचे निर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला नेले, म्हणून आपल्या मनात सहा डिसेंबर म्हणजे दादरची चैत्यभूमी. दिल्लीला येणाऱ्या आपल्यांपैकी फार थोड्यांना अलीपूर रोड आठवतो. तिथे आता उघडलेल्या संविधानाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ मध्ये खुले झालेले. छायाचित्रे, ध्वनिफिती आणि त्यांच्या आयुष्याचे टप्पे नीट मांडले आहेत. वाचत गेले तर दोन तास सहज लागतात. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर आणि नागपूरची दीक्षाभूमी पाहिलेल्या माणसाने हे घर चुकवू नये.

परतीच्या दिवसासाठी मी हीच जागा सुचवते. सामान स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये ठेवावे आणि हलक्या हाताने निघावे. पिवळ्या मार्गावर सिव्हिल लाइन्सपासून नवी दिल्ली तिसरे स्थानक आहे: काश्मिरी गेट, चांदणी चौक, नवी दिल्ली. मेट्रोतून वर आलात की अजमेरी गेटची बाजू समोरच. गाडी निझामुद्दीनहून सुटणार असेल तर मात्र दोन तास हाताशी ठेवून निघा, संध्याकाळचा मथुरा रोड कुणासाठी थांबत नाही.